वेड्या बाभळीत चेन तासाभरात बोथट होते, घरी धार कशी लावायची?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला आमची शेती आहे. बांधावर आणि पडीक तुकड्यात वेडी बाभूळ माजलीय, ती काढायला 58 सीसीचं पेट्रोल चेन सॉ घेतलं, चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी 22 इंची. मशीनची तक्रार नाही, एका दोरीत सुरू होतं. अडचण चेनची आहे. सकाळी छान ढलप्या पडतात, आणि न्याहारीची वेळ होईपर्यंत नुसतं पीठ पडायला लागतं. मग मशीन अंगाने दाबावं लागतं आणि पट्टीतून धूर निघतो.

शहरातल्या एका दुकानातून धार लावून आणली. त्यांनी ग्राइंडरवर लावली. दातांची टोकं निळी-जांभळी झालीत आणि तेव्हापासून काप सरळ जात नाही, मशीन उजवीकडे ओढतं. जाड बुंध्यात पट्टी अडकून बसते. दरवेळी मोहोळहून सोलापूरला खेप मारायची आणि असं काम घरी आणायचं, हे परवडणारं नाही.

कानशीने घरी धार लावणारं कुणी आहे का इथे? कुठली कानस, किती घासायचं, काय बघायचं, सविस्तर सांगा की.

माळावरचा
आधी एक सांगा मालक, चेनला तेल कुठलं घालताय?

सीनाकाठ
ट्रॅक्टरचं काढलेलं इंजिन ऑइल. मशीन देणाऱ्यानेच सांगितलं होतं, चालतं म्हणून.

जुना_फिटर
तेलाचा विषय मोठा आहे, त्याकडे मागाहून येऊ. आधी धार.

मी सोलापुरात गिरणीत फिटर होतो. कानस धरण्यातच नोकरी गेली, आणि आता होटगी रोडला घरामागे आसपासच्या शेतकऱ्यांच्या चेना लावून देतो. तुमच्यासारखी निळी टोकं माझ्याकडे नेहमी येतात. ग्राइंडरचा दगड एका जागी दाबून धरला की टोक तापतं आणि दाताचं पाणी उतरतं. असा मऊ पडलेला दात बाभळीत टिकत नाही. कधी उलटंही होतं. तापून एकदम थंड झालेलं टोक इतकं कडक होतं की कानस त्यावर नुसती घसरते, चावतच नाही. दोन्हीत इलाज एकच, निळा भाग संपेपर्यंत मागे जायचं. कानस घसरत असेल तर तेवढ्या थरापुरता बारीक दगड हलका टेकवायचा, लगेच उचलायचा, पुन्हा टेकवायचा. दात बोटाला सोसवेल इतकाच गरम झाला पाहिजे. खालचं चांगलं लोखंड लागलं की पुढचं काम कानशीचं.

आता कानस कुठली? ते चेनच्या पिचवर ठरतं. ओळीने तीन रिव्हेट धरा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा, तो पिच. तीन रिव्हेटमध्ये साधारण 16.5 मिमी भरलं तर चेन .325 इंची, तिला 4.8 मिमीची गोल कानस. 19 मिमीच्या आसपास भरलं तर ती 3/8 इंची. त्यात दोन जाती आहेत. लहान मशीनवर येणारी बुटकी, म्हणजे लो प्रोफाइल, तिला 4 मिमी. मोठ्या मशीनवरची पूर्ण उंचीची, तिला 5.2 किंवा 5.5 मिमी. श्टिलच्या चेनवर दातापुढच्या उंचवट्यावर बारीक आकडा कोरलेला असतो: 2 म्हणजे .325, 3 म्हणजे 3/8, आणि 6 म्हणजे 3/8 बुटकी. 22 इंची पट्टीच्या 58 सीसी मशीनवर बहुतेक .325 असते, तरी मोजल्याशिवाय कानस घेऊ नका. आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधी गोल कानस नको. ती टोकाकडे निमुळती होत जाते. चेनची कानस या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची असते.

बसायची तयारी अशी. स्पार्क प्लगची कॅप काढून ठेवा, हातात चामडी मोजे घाला. पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा. शेगडा नसेल तर जाड ओंडक्यात खाच पाडून पट्टी तिच्यात घट्ट बसवा. चेन नेहमीपेक्षा थोडी ताणून घ्या, कारण डुलणाऱ्या दाताला सरळ धार लागत नाही.

दाताच्या माथ्यावर मागच्या बाजूला एक तिरकी रेघ कोरलेली दिसेल. बहुतेक चेनवर ती 30 अंशांची असते. कानस त्या रेघेला समांतर धरायची, आणि आडवी, टोक वर-खाली न होऊ देता. कानशीच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. कानस खोल बसली तर दाताची चोच फार बारीक होते, सुरुवातीला सुरेख कापते आणि पहिल्या गाठीला मुडपते. उथळ राहिली तर टोक मागे झुकतं आणि दात लाकडावरून नुसता घसरत जातो. घासायचं फक्त ढकलताना, दाताच्या आतून बाहेर. परत आणताना कानस उचलायची. पुढे-मागे रगडलं की कानशीचेच दात मरतात.

धार आली हे कशावरून ओळखायचं? दात उजेडाकडे वळवा. कडेवर पांढरी चमक दिसली तर तिथे अजून गोलाई आहे. खऱ्या धारेला उजेड परतवायला जागाच नसते, ती दिसतच नाही. दाताच्या पाठीवर क्रोमचा पातळ थर असतो, कड तोच धरून ठेवतो. दगड किंवा वाळू लागून तो थर टोकाशी झिजला असेल तर झिजलेला भाग पूर्ण जाईपर्यंत घासावं लागतं. नुसतं खालून लोखंड चमकवून उपयोग नाही. मला दिसणाऱ्या निम्म्या चेना याच पायरीवर अर्धवट सोडलेल्या असतात.

आता तुमचं उजवीकडे ओढणं. चेनवर डावा दात, उजवा दात असे आलटून-पालटून येतात. ज्या बाजूचे दात लांब किंवा जास्त धारदार, त्या बाजूला काप वळतो. उजव्या हाताच्या माणसाचा जोर दोन्ही बाजूंना सारखा लागत नाही, त्यामुळे हातानेही हा दोष येतो. म्हणून सगळ्यांत आखूड दात आधी शोधायचा, व्हर्नियरने त्याच्या माथ्याची लांबी घ्यायची आणि बाकी सगळे, दोन्हीकडचे, त्या मापावर आणायचे. पहिल्यांदा याला अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या. एकदा सारखे झाले की पुढे टाकीभर पेट्रोल संपलं की प्रत्येक दाताला दोन-तीन हात पुरतात, आणि ते काम चहा होईपर्यंत उरकतं.

बार्शीची_वखार
फिटरकाकांशी बाकी सगळं पटतं, पण ग्राइंडरला सरसकट दोष देऊ नये. आमच्याकडे कडुनिंबाचे बुंधे येतात, त्यात पाट्या ठोकलेले खिळे निघतात. बाभळीत तर कुंपणाची काटेरी तार पूर्ण गिळलेली असते, बाहेरून काही दिसत नाही. असा खिळा लागला की एका बाजूचे पाच-सहा दात अर्ध्यावर उडतात. तेवढं कानशीने मागे न्यायला संध्याकाळ होईल. चेनचा ग्राइंडर वेगळा असतो, त्याला कोनाची चकती असते, दात एकेक करून धरता येतो. गुलाबी किंवा पांढरा बारीक दगड, हात हलका, दातावर दगड थांबवायचा नाही. माझी माणसं दोन्ही वापरतात.

दुसरी गोष्ट धाग्यात अजून कुणी बोललं नाही. लाकडाने चेन जेवढी बोथट होत नाही तेवढी मातीने होते. आपल्याकडे रस्त्याकडेच्या बाभळीच्या सालीत उन्हाळाभराची धूळ बसलेली असते. वाळवीने बुंध्यावर मातीची पुटं चढवलेली असतात, त्यातून चेन फिरवली की चालली धार. काप घ्यायच्या जागी कोयत्याने वीतभर पट्ट्यातली साल उडवायची, मग मशीन लावायचं. आणि बुंधा जमिनीलगत कापायचा हट्ट सोडायचा. तसा कापायचाच असेल तर भोवतीची माती खोरं लावून आधी दूर करायची. चेनचं टोक एकदा मातीत गेलं की सगळी धार पहिल्यापासून.

वेडी बाभूळ ओली असतानाच कापा. आधी तोडून वाळत टाकलेले ओंडके मग तुकडे करायला घेतले की चेन आणि माणूस दोघंही थकतात.

जुना_फिटर
वखारवाल्यांचं बरोबर आहे. मोडलेल्या दाताला कोनाचा ग्राइंडर, रोजच्या धारेला कानस. मी हाताने धरलेल्या अँगल ग्राइंडरबद्दल बोलत होतो. तो चेनला लावूच नये.

सीनाकाठ
काका, मोजलं. 16.5 भरलं, म्हणजे .325. 4.8 ची कानस मिळाली. तुम्ही म्हणालात तसं आखूड दातावरून सगळे आणले, डाव्या बाजूचे खरंच आखूड निघाले. सारखे केल्यावर काप सरळ जातो. वाळवीची पुटं तर आमच्या प्रत्येक झाडावर आहेत, ती आता कोयत्याने काढतो.

पण एक राहिलं. धार हाताला लागते आहे, तरी मशीन पहिल्यासारखं ओढून घेत नाही. ढलपी पातळ पडते.

जुना_फिटर
आता खऱ्या मुद्द्यावर आलात. प्रत्येक दाताच्या पुढे एक गोल उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. दाताने एका फेरीत लाकडात किती खोल जायचं ते तो ठरवतो. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे दात घासत गेला की तो आखूड होतो तसा ठेंगणाही होतो. गेज मात्र तिथेच राहतं. मग गेज लाकडावर टेकून राहतं आणि दात अधांतरी. धार कितीही असू द्या, कापणार काय?

.325 आणि 3/8 चेनला दाताच्या माथ्यापासून गेज साधारण 0.65 मिमी खाली हवं. त्याची खाचेची पट्टी मिळते. दातांवर ठेवली की खाचेतून गेजचं जास्तीचं डोकं वर येतं, तेवढं चपट्या कानशीने उडवायचं. पट्टी नाही मिळाली तर मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेटसाठी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, असतं ते घ्या. पोलादी फूटपट्टी लागोपाठच्या दोन दातांच्या माथ्यावर आडवी ठेवा आणि पट्टी व गेज यांच्या फटीत फीलर घाला. तीन-चार वेळा धार लावली की एकदा हे तपासायचं. डोकं उडवल्यावर त्याची पुढची कड पुन्हा गोल करायची, टोकदार सोडायची नाही.

आणि हात जपून चालवा. जास्त कापेल म्हणून गेज जास्त उतरवणारे लोक मी पाहिलेत. मग दात लाकडात रुततो, मशीन हिसके देतं, आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला तर पट्टी क्षणात तोंडाकडे उसळते. त्याला किकबॅक म्हणतात. गळ्याला आणि खांद्याला झालेल्या जखमा शिवता येतीलच असं नाही. बाभळीसारख्या कडक लाकडात तर गेज 0.65 च्या खाली अजिबात नेऊ नका.

माळावरचा
आता तेल. काढलेलं इंजिन ऑइल बंद करा मालक. त्यात इंजिनाची झीज असते, धातूचा बारीक कण असतो, तो पट्टीची खाच आणि तेलाचा पंप दोन्ही खातो. शिवाय ते तेल चिकटून राहत नाही, पट्टीच्या टोकाला वळताना उडून जातं. उडतं कुठे? तुमच्या कपड्यांवर, हातावर, तोंडावर. वापरलेल्या इंजिन ऑइलचा कातडीशी रोज संबंध येणं चांगलं नाही, त्यात कॅन्सर करणारे घटक असतात.

चेनचं तेल मुद्दाम चिकट केलेलं असतं. मिळेपर्यंत निदान नवीन, स्वच्छ इंजिन ऑइल घाला. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा 42 च्या पुढे, पातळ तेल तेव्हा पाण्यासारखं होतं, म्हणून उन्हाळ्यात जरा जाड घ्या. तेल पोचतंय का ते बघायला पट्टीचं टोक कोरड्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून मशीन रेस करा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

अक्कलकोट_नाका
आमच्याकडे घाण्याचं करडईचं तेल शिल्लक असतं. परदेशात म्हणे वनस्पती तेल चालवतात चेनला. करडई चालेल?

जुना_फिटर
नको. करडईचं तेल जवसासारखं हवेत सुकणारं आहे, रंगात वापरलं जातं ते त्याच गुणामुळे. मशीन चार दिवस ठेवलं की चेनच्या सांध्यात आणि पट्टीच्या खाचेत त्याचा राळेसारखा थर बसतो, चेन पट्टीला चिकटते, पंप तुंबतो. परदेशात वापरतात ते मोहरीच्या जातीचं, त्यात सुकू नये म्हणून आणखी काही मिसळलेलं असतं. घाण्याचं तेल कढईतच राहू द्या.

सांगोल्याची_ताई
मी वेगळ्या मशीनबद्दल विचारते. आमची डाळिंबाची बाग आहे. जुन्या बागेत वाळलेल्या फांद्या काढायला हातात धरायचं बॅटरीचं छोटं चेन सॉ घेतलंय, सहा इंची पट्टी. त्याला हीच पद्धत का? आणि तेल्या रोग आलेल्या झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री निर्जंतुक करतो तशी चेन करायची का?

जुना_फिटर
ताई, पद्धत हीच, माप वेगळं. अशा मशीनला 1/4 इंची चेन असते. साध्या 1/4 ला 4 मिमीची कानस, पण 1/4 पी लिहिलेली असेल तर 3.2 मिमीची. डब्यावर बघा. दात इतका लहान असतो की दोन हातांतच धार येते, जास्त घासलं तर दातच संपतो. 1/4 पी चेनला गेजही कमी उतरलेलं असतं, 0.65 चं माप तिला लावू नका. आणि बऱ्याच छोट्या मशीनला तेलाची टाकीच नसते, थोड्या-थोड्या वेळाने हाताने थेंब सोडावे लागतात.

डाळिंब_पट्टा
तेल्याचं मी सांगतो. तो जिवाणूंचा रोग आहे, हत्यारावरून पसरतो, म्हणून चेनही कात्रीसारखीच धरा. चेनच्या सांध्यात भुसा आणि रस अडकतो, आत औषध पोचत नाही. म्हणून आधी ब्रशने भुसा काढायचा, मग हायपोक्लोराइट. पण त्याने लोखंड लगेच गंजतं. काम संपल्यावर चेन साध्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून तेलात बुडवून ठेवायची. रोगट झाडं शेवटी घ्या, म्हणजे हा व्याप दिवसातून एकदाच होतो. तेल्या असलेल्या बागेत जिवंत फांदीला मी तरी चेन सॉ लावत नाही, भुसा उडतो चहूकडे. तिथे कात्री आणि हातकरवतच.

सांगोल्याची_ताई
पटलं. वाळलेल्या फांद्यांपुरतंच ठेवते.

काका, एक कुतूहल. हा दात असा वळलेला का असतो? हातकरवतीचा दात तर सरळ टोकदार असतो.

जुना_फिटर
पूर्वी चेनलाही करवतीसारखे सरळ टोकदार दात असायचे. ते लाकूड ओरबाडायचे आणि सारखी धार मागायचे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. 1946 मध्ये त्याने एका ओंडक्यात खोडकिड्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. ती जबड्याने उजवीकडे-डावीकडे आलटून-पालटून, उभं-आडवं कसंही लाकूड सहज कापत होती. त्याने तो जबडा पोलादात उतरवला, 1947 मध्ये चेन विकायला काढली, आणि आज तुमच्या हातातला दात त्याच घराण्यातला आहे. डाळिंबवाल्यांना खोडकिड्याचं कौतुक करवणार नाही, पण त्या अळीचं काम अभ्यासण्यासारखं आहे. म्हणून तर मी सांगतो, चोचीचा आकार बिघडवू नका. कानशीची जाडी बरोबर असेल तर तो आकार आपोआप राहतो.

माळावरचा
पट्टीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. धार लावली की दरवेळी पट्टी उलटी करून बसवा, नाहीतर खालची कडच झिजत राहते. उलटी करताना खाच पातळ पट्टीने खरवडून काढा, आत तेल आणि भुशाचा काळा लगदा असतो. तेलाचं भोक तारेने मोकळं करा. पट्टीच्या कडांना बाहेर धारदार पिसं येतात, ती चपट्या कानशीने उतरवा. टोकाच्या चाकाला भोक असेल तर ग्रीस द्या. दात दोन्हीकडचे सारखे असूनही काप वाकडा जात असेल तर पट्टीची एक कड बसलेली असते, ती सपाट जागेवर उभी करून बघा, कलली की कळतं.

ताणाचं माप: खालच्या बाजूला चेन पट्टीला लागलेली हवी, हाताने ओढली तर फिरली पाहिजे. गरम झाली की ती लोंबते, मग आपण ताणतो. ती तशीच ठेवून घरी गेलात तर थंड होऊन आखडते आणि शाफ्टवर, बेअरिंगवर ओढ येते. काम संपलं की ढिली करायची.

अक्कलकोट_नाका
चेन टाकून कधी द्यायची? माझ्या दातांवरची रेघ जवळ आलीय.

बार्शीची_वखार
बहुतेक चेनवर ती रेघ म्हणजेच हद्द असते. रेघ नसेल तर दाताचा सर्वांत आखूड भाग 4 मिमीच्या खाली गेला की थांबायचं. त्यापुढे दात तुटून उडतो, आणि तो कुठे जाईल सांगता येत नाही. रिव्हेटजवळ तडा दिसला तर दात लांब असले तरी चेन बाद.

नवी चेन घेताना तीन गोष्टी सांगा: पिच, पट्टीच्या खाचेची रुंदी आणि त्या खाचेत बसणाऱ्या खालच्या लिंकांची संख्या. पट्टीची लांबी एकटी सांगून चुकीची चेन गळ्यात पडते. लिंका स्वतः मोजा. आणि क्लचजवळचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, बघा. त्याच्या दातांत अर्धा मिमी खोल खाचा पडल्या असतील तर नवी चेन त्यावर घालू नका, पिच जुळत नाही आणि नवीनही लवकर ताणते. आम्ही दोन चेना एका स्प्रॉकेटवर आलटून-पालटून चालवतो आणि तिघंही एकदम बदलतो.

अक्कलकोट_नाका
स्प्रॉकेट उघडून पाहिलं. खाचा नखाला लागतात. चेनबरोबर तेही घेतो.